अणुभट्टीतलं विसण: पाण्याची थरथर संगणकावर का मांडावी लागते?

फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुविजेचं लक्ष्य जाहीर केलं, छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी रुपये बाजूला काढले आणि अणुऊर्जेवरच्या चर्चेला पुन्हा ऊत आला. किरणोत्साराचं काय, वापरलेलं इंधन कुठे ठेवणार, जैतापूरचं घोडं कुठे अडलंय, हे प्रश्न लोक विचारतात आणि विचारायलाच हवेत. मला मात्र बऱ्याच दिवसांपासून एका भलत्याच साध्या प्रश्नाने पछाडलंय. गरम पाण्याच्या नळीला गार पाण्याची नळी जिथे येऊन मिळते, तिथे नेमकं काय होतं?

प्लंबर त्या जोडाला ‘टी’ म्हणतात. एक सरळ नळी आणि तिला वरून किंवा बाजूने मिळणारी दुसरी. तुमच्या न्हाणीघरात भिंतीमागे असा एखादा टी नक्की असेल. अणुवीज केंद्रात तर कितीतरी असतात. अशाच एका टीने 1998 मध्ये फ्रान्समधली नवी कोरी अणुभट्टी घरी बसवली. त्या टीमध्ये काय घडलं हे नीट समजून घ्यायला आजही मोठमोठे संगणक आठवडेच्या आठवडे राबतात.

बादलीतलं पाणी

बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं की आपण विसण घालतो आणि हाताने ढवळतो. ढवळायचा कंटाळा करून पहिला तांब्या तसाच अंगावर घेतला, तर एका खांद्याला चटका बसतो आणि दुसऱ्यावर शहारा येतो. बादलीतल्या पाण्याचं सरासरी तापमान अगदी बेताचं असतं, पण खांद्याला सरासरी कळत नाही. त्याच्यावर त्या क्षणी जे पाणी पडलं तेवढंच कळतं.

नळीत ढवळायला हात नसतो. तिथे पाणी सेकंदाला काही मीटर वेगाने धावतं आणि स्वतःच स्वतःला ढवळतं. मोठे भोवरे फुटून छोटे होतात, छोटे फुटून आणखी छोटे. गरम पाण्याचे पदर आणि गार पाण्याचे पदर एकमेकांत गुंतत पुढे सरकतात. काही अंतर गेल्यावर सगळं एकजीव होतं खरं, पण टीच्या पुढचा जो पट्टा आहे तिथे नळीच्या आतल्या एखाद्या ठिपक्यावर आत्ता गरम पदर घासून जातो, अर्ध्या सेकंदाने गार, की लगेच पुन्हा गरम. हे दिवसरात्र चालतं.

अणुभट्टीत इंधनातली उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाला ‘शीतक’ म्हणतात. जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांत शीतक म्हणजे पाणीच. सर्वांत प्रचलित प्रकारात ते वातावरणाच्या दीडशेपट दाबाखाली ठेवतात, म्हणजे 300 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. या मुख्य प्रवाहाला जागोजागी कमी तापमानाचे प्रवाह येऊन मिळतात. कुठे पाण्याची पातळी राखायला, कुठे रसायनं सोडायला, कुठे बंद भट्टी निववायला. विसण घालायच्या जागा अनेक आहेत आणि बादली पोलादाची आहे.

पोलाद थकतं कसं

धातू तापला की प्रसरण पावतो, हे शाळेत शिकलेलं असतं. आता नळीच्या आतल्या बाजूचा एक मिलिमीटरचा पापुद्रा डोळ्यांसमोर आणा. गरम पदर आला की त्याला पसरायचं असतं, पण त्याच्या मागचा जाड धातू अजून थंडच असतो आणि तो पसरू देत नाही. पापुद्रा दाबला जातो. पुढच्या क्षणी गार पदर येतो. आता पापुद्र्याला आकसायचं असतं, मागचा धातू तेही करू देत नाही, आणि पापुद्रा ताणला जातो.

स्टेनलेस स्टीलसाठी हा हिशेब कागदावर मांडता येतो. पापुद्र्याचं तापमान 50 अंशांनी झटकन बदललं आणि त्याला अजिबात हलू दिलं नाही, तर जो ताण येतो तो साध्या स्टेनलेस स्टीलला कायमचा बाक आणणाऱ्या ताणाच्या घरात जातो. प्रत्यक्षात पाणी 50 अंशांनी बदललं म्हणजे धातूही तेवढाच बदलतो असं नाही, कारण भिंतीला चिकटून वाहणारा पाण्याचा पातळ थर थोडी गादी पुरवतो. तरीही एकूण प्रकरण किरकोळ नाही.

एका फटक्यात काही तुटत नाही. तार हातात धरून एकदा वाकवली तर ती वाकते, तुटत नाही. पुढेमागे वीसेक वेळा वाकवली की कडकन तुटते, तीही मूळच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी जोर लावून. याला अभियंते ‘धातूचा थकवा’ म्हणतात. तापमानाच्या हेलकाव्यांनी आला तर ‘औष्णिक थकवा’. तार जोराने वाकवली म्हणून विसात तुटली. हळूच वाकवली असती तर लाखभर वेळा टिकली असती. पण नळीतल्या प्रवाहाला लाख म्हणजे काहीच नाही. सेकंदाला एक हेलकावा धरला तर लाखाचा आकडा अठ्ठावीस तासांत ओलांडला जातो.

सिव्हो, 12 मे 1998

फ्रान्सच्या पश्चिमेकडे व्हिएन नदीकाठी सिव्हो हे अणुवीज केंद्र आहे. तिथली पहिली अणुभट्टी एन-4 या मालिकेतली, त्या काळातली फ्रान्सची सर्वांत आधुनिक. 12 मे 1998 रोजी, भट्टी बंद अवस्थेत असताना, एका नळीतून गळती सुरू झाली. तासाला 30 घनमीटर. आपल्या हिशेबात दहा हजार लिटरचे तीन टँकर दर तासाला. टीच्या लगेच पुढे असलेल्या एल्बोमध्ये, म्हणजे नळीच्या वळणात, बाहेरून 18 सेंटिमीटर लांबीची भेग दिसली. पाणी भट्टीभोवतीच्या काँक्रीटच्या इमारतीतच राहिलं.

ही नळी कशासाठी होती हे समजलं की गंमत कळते. अणुभट्टी बंद केली तरी इंधन लगेच गार होत नाही. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहतात तसं ते दिवसचे दिवस उष्णता देत राहतं. ती काढून घ्यायला एक वेगळी यंत्रणा असते. भट्टीतलं गरम पाणी त्यात दोन वाटांनी जातं. एक वाट उष्णता काढून घेणाऱ्या यंत्रातून जाते आणि पाणी गार होऊन बाहेर येतं. दुसरी वाट त्या यंत्राला वळसा घालून गरमच पुढे जाते. मग दोन्ही वाटा एका टीमध्ये भेटतात. किती पाणी कुठून सोडायचं यावर भट्टी किती वेगाने निवणार हे ठरतं. थोडक्यात, हे हुकमी विसण. फ्रेंच अभियंत्यांनी ते अगदी हवं तसं जमवलं होतं आणि सरासरी तापमान बरोबर येत होतं.

दोन्ही पाण्यांच्या तापमानांत मोठा फरक होता. यंत्रणा तोवर जेमतेम 1,500 तास चालली होती. सेकंदाला एक हेलकावा या हिशेबाने 1,500 तासांत 54 लाख हेलकावे होतात. काही दशकं टिकण्यासाठी घडवलेली नळी दोन-सव्वादोन महिन्यांच्या चालण्यात फाटली. बनावटीत मोठी खोट नव्हती, कुणी चुकीचं बटण दाबलं नव्हतं. रचनाकारांनी टीमध्ये दोन पाणी एकत्र होतात असं धरलं होतं. ती एकत्र होण्यापूर्वी काय करतात, हे मात्र धरलं नव्हतं.

एन-4 मालिकेतल्या इतर भट्ट्यांतलंही इंधन काढून यंत्रणेची ती बाजू नव्याने आखावी लागली. मग फ्रान्सच्या जुन्या भट्ट्यांतल्या अशाच जागा तपासल्या, तर तिथेही भेगांची बारीक जाळी सापडली. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळल्यावर जशी दिसते तशी.

आपल्याकडच्या वाचकाने सिव्हो लक्षात ठेवायला एक कारण आहे. जैतापूरसाठी फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीने 2021 मध्ये जो प्रस्ताव दिला तो ईपीआर नावाच्या आराखड्याच्या सहा भट्ट्यांचा, एकूण 9,900 मेगावॅटचा. ईपीआरचा आराखडा दोन घराण्यांतून आला आहे, जर्मनीची कोनव्होय मालिका आणि फ्रान्सची एन-4. म्हणजे सिव्होची धाकटी भावंडं माडबनच्या सड्यावर येणार की नाही, हा तो वाद. ती आलीच, तर गरम आणि गार पाणी कुठे-कुठे भेटतं आणि तिथला हिशेब कसा केलाय, हा प्रश्न जनसुनावणीत विचारायला मोकळ्या मनाने उभं राहावं. त्यासाठी अणुशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

फ्रान्स एकटा नव्हता. जुलै 1999 मध्ये जपानच्या त्सुरुगा-2 मध्ये याच जातीच्या थकव्याने 51 टन शीतक सांडलं. 2008 मध्ये स्वीडनच्या ओस्करशाम्न-3 आणि फोर्शमार्क-3 या भट्ट्यांत भट्टीची आच कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रक कांड्यांच्या चक्क दांड्यांनाच भेगा सापडल्या. त्या दांड्यांभोवती साधारण 60 अंशांचं पाणी खालून वर जात होतं आणि 276 अंशांच्या पाण्याला भेटत होतं. हा प्रवाह मुद्दामच ठेवलेला होता, गाळ साचू नये म्हणून.

मग तिथे थर्मामीटर का लावत नाहीत?

लावतात, पण बाहेरून. दीडशेपट दाब असलेल्या नळीला आतून तापमान मोजायला भोक पाडायचं म्हणजे एक नवी कमजोर जागा तयार करायची. आणि बाहेरच्या थर्मामीटरला ही थरथर दिसतच नाही.

तापमानाचा हेलकावा धातूत फार खोल शिरत नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये सेकंदाला एक या गतीचा हेलकावा साधारण एक मिलिमीटर आत जाईपर्यंत एक-तृतीयांश उरतो, पुढच्या मिलिमीटरला त्याचाही एक-तृतीयांश. नळी दहा मिलिमीटर जाड असेल, तर आत 50 अंशांचं थैमान चालू असताना बाहेरचा काटा अंशाच्या शंभराव्या हिश्शानेही जेमतेम हलतो. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला एक शांत, सरळ रेघ दिसते. भिंतीपलीकडे भांडण चाललंय आणि भिंत इतकी जाड आहे की शेजाऱ्याला घर सुखी वाटतं.

याच गणितातून दुसरीही एक गोष्ट निघते. सगळी थरथर सारखी वाईट नसते. फार वेगाची असेल, सेकंदाला पन्नासेक हेलकाव्यांची, तर धातूला तापायला वेळच मिळत नाही. आरती घेताना ज्योतीवरून हात झर्रकन फिरवला तर भाजत नाही, तसं. फार संथ असेल, चार-पाच मिनिटांना एक, तर नळीची सगळी जाडी एकदमच तापते आणि एकदमच निवते. पापुद्रा आणि मागचा धातू बरोबर हलतात, ओढाताण कमी होते. घात करते ती मधली थरथर. दहा सेकंदांना एक ते सेकंदाला दहा, या पट्ट्यातली. दुर्दैवाने टीमध्ये तयार होणाऱ्या मोठ्या भोवऱ्यांची चाल नेमकी याच पट्ट्यात पडते.

म्हणजे जी गोष्ट मारते ती कुठल्याच काट्यावर दिसत नाही. ती पाहायची तर प्रयोगशाळेत पारदर्शक नळ्या जोडाव्यात, नाहीतर संगणकात पाणी वाहवावं.

संगणकात पाणी कसं वाहतं

पाण्याच्या हालचालीचे नियम एकोणिसाव्या शतकातच समीकरणात बांधले गेले. फ्रान्सच्या नाव्हिए आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्या स्टोक्स यांच्या नावाने ती समीकरणं ओळखली जातात. नियम माहीत आहेत, अडचण सोडवण्यात आहे. संगणक नळीच्या आतली जागा बारीक-बारीक घरांत कापतो, प्रत्येक घरातला वेग, दाब आणि तापमान मांडतो आणि शेजारच्या घरांशी देवाणघेवाण करत एकेक क्षण पुढे सरकतो.

घरं किती बारीक हवीत? खरं तर सर्वांत छोटा भोवरा पकडता येईल इतकी. पाव मीटर व्यासाच्या नळीत, अशा प्रवाहाच्या वेगाला, सर्वांत छोटे भोवरे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे असतात. तेवढी घरं पाडायची तर नळीच्या फक्त पाव मीटर तुकड्याला सुमारे बारा लाख कोटी घरं लागतील. ती एकदा भरून भागत नाही. प्रत्येक क्षणाला पुन्हा भरायची. हा मार्ग आजच्या संगणकांना छोट्या, संथ प्रवाहांपुरताच परवडतो.

म्हणून वर्षानुवर्षं अभियंत्यांनी दुसरं टोक पकडलं: सरासरी. भोवरे सोडून द्या, प्रत्येक ठिकाणचा सरासरी वेग आणि सरासरी तापमान काढा, भोवऱ्यांचा परिणाम एखाद्या सूत्रात गुंडाळा. पंपाला किती जोर लागेल, दाब किती पडेल, अशा प्रश्नांना हे उत्तम चालतं आणि उत्तर पटकन मिळतं. पण औष्णिक थकव्यासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. लोकलची दिवसभराची सरासरी गर्दी काढली तर विरार गाडीत बसायला जागा मिळते असं उत्तर येईल. सकाळी दादरला उतरू पाहणाऱ्याला ते सांगून बघा.

मधला रस्ता हवामानशास्त्राकडून आला. अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ जोसेफ स्मागोरिन्स्की यांनी 1963 मध्ये वातावरणाच्या अभिसरणासाठी जी युक्ती मांडली तिच्यातून पुढे ‘मोठ्या भोवऱ्यांचं गणित’ ही पद्धत उभी राहिली. यात मोठे भोवरे जसेच्या तसे, क्षणाक्षणाला मोजायचे. घरापेक्षा छोटे जे असतील त्यांचा फक्त परिणाम अंदाजाने धरायचा. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी पोलीस काय करतात? कोणत्या मंडळाची मिरवणूक कुठल्या चौकात आहे, कुठे अडलीय, कुठे दोन मिरवणुका भिडणार आहेत, हे मिनिटामिनिटाला पाहतात. मिरवणुकीतला प्रत्येक माणूस कुठे पाऊल टाकतोय हे पाहत नाहीत. त्याची गरजही नसते, कारण गर्दीला दिशा मंडळं देतात. टीमध्येही घातक हेलकावे मोठ्या भोवऱ्यांचे असतात, म्हणून ही पद्धत इथे चपखल बसते.

स्वस्त मात्र ती नाही. एका साध्या टीला काही दशलक्ष घरं सहज लागतात, कधी काही कोटी. वेळेचं पाऊल सहस्रांश सेकंदाचं. दहा सेकंदांना एक येणारा हेलकावा नीट ओळखायचा तर निदान शंभर सेकंदांचा प्रवाह हवा, म्हणजे एक लाख पावलं. शेकडो प्रोसेसर जोडूनही दिवस किंवा आठवडे जातात. आणि मिळतं काय, तर एका जोडातल्या पाण्याच्या दीड-दोन मिनिटांची गोष्ट.

पण संगणकावर विश्वास का ठेवायचा?

ठेवू नये, आधी परीक्षा घ्यावी. तशी एक परीक्षा झालीही. स्वीडनमध्ये एल्व्हकार्लेबी इथे व्हाटेनफॉल या वीज कंपनीची जलप्रयोगशाळा आहे. तिथे 2008 मध्ये पारदर्शक नळ्यांचा टी उभारला: 140 मिलिमीटरच्या आडव्या नळीत 19 अंशांचं पाणी, वरून 100 मिलिमीटरच्या नळीने 36 अंशांचं. भिंतीलगत बारीक, चपळ तापमानमापक बसवले, वेग लेसरने मोजले आणि निकाल कुलपात ठेवले. मग श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेच्या अणुऊर्जा शाखेने जगभरच्या गटांना सांगितलं की नळ्यांची मापं आणि आत शिरणारं पाणी हे घ्या, बाकी तुम्ही सांगा. उत्तरपत्रिका दिल्यावरच निकाल उघडला गेला.

29 उत्तरं आली. मोठ्या भोवऱ्यांचं गणित करणारे एकूण पुढे राहिले. हेलकाव्यांचा आकार आणि त्यांची गती त्यांना बऱ्यापैकी पकडता आली. सरासरीवाले मागे पडले, ते अपेक्षितच होतं. मला त्यातली जास्त बोलकी गोष्ट दुसरीच वाटते. एकच पद्धत वापरणाऱ्यांची उत्तरंही एकसारखी नव्हती. जाळी कुठे दाट विणली, भिंतीलगतचा थर कसा धरला, नळीत शिरतानाच पाण्यात किती खळबळ मानली, यावर फरक पडत गेला. स्वयंपाकाचं पुस्तक एकच, पुरणपोळी घरागणिक वेगळी, तसाच हा मामला.

खरी गोम भिंतीलगत आहे. तिथले भोवरे इतके बारीक असतात की मोठ्या भोवऱ्यांच्या गणितातही ते निसटतात, आणि उष्णता धातूत शिरते ती नेमकी त्या थरातून. म्हणजे जिथलं उत्तर सर्वांत महत्त्वाचं तिथेच अंदाज सर्वांत जास्त. म्हणून आता पाणी आणि धातू यांचं गणित वेगवेगळं न करता एकत्र सोडवतात आणि भिंतीजवळ घरं फार दाट पाडतात. तरी स्वीडनमधल्या प्रयोगात फरक 17 अंशांचा होता आणि प्रत्यक्ष भट्टीत तो 80 किंवा दोनशेचाही असू शकतो. फरक वाढला की गरम पाणी हलकं होऊन वर तरंगू पाहतं, भोवऱ्यांची चाल बदलते. लहान परीक्षेत पास झालेल्या गणिताला मोठ्या परीक्षेत आपोआप पास करता येत नाही. एखादी कंपनी ‘आमच्या संगणकाने सिद्ध केलंय’ म्हणाली की मी आधी विचारीन: कुठल्या प्रयोगाशी ताडून पाहिलंत, आणि तो प्रयोग तुमच्या नळीच्या किती जवळचा होता?

नळी जाड केली तर?

पहिल्यांदा ऐकल्यावर सगळ्यांना हेच सुचतं. मलाही सुचलं होतं. उत्तर उलटं आहे. पापुद्र्याला पसरू न देणारा तो मागचा जाड धातूच असतो. नळी जाड केली की त्याची पकड आणखी घट्ट होते. दाबासाठी जाडी चांगली, थरथरीसाठी नाही. जाड काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला तर तो पातळ ग्लासापेक्षा लवकर तडकतो, हे आपल्या आयांना गणिताशिवाय माहीत होतं.

दोन्ही पाण्यांचं तापमान सारखंच ठेवणं हा दुसरा उपाय. जमेल तिथे तो करतातच, पण उष्णता काढायची म्हणजे कुठेतरी गार पाणी लागणारच. राहिले तीन-चार मार्ग. टीच्या आत एक पातळ अस्तरनळी बसवायची, म्हणजे थरथर तिच्यावर जाते आणि दाब सोसणारी खरी नळी वाचते. पाणी लवकर एकजीव व्हावं म्हणून आत पाती बसवायची. आतली बाजू आणि वेल्डचे उंचवटे घासून गुळगुळीत करायचे, कारण भेग सुरू व्हायला ओरखडा पुरतो. किंवा वेल्ड आणि एल्बो थरथरीच्या पट्ट्यातून लांबच न्यायचे. पट्टा कुठे संपतो हे कळायला पुन्हा संगणकच लागतो.

भेग म्हणजे स्फोट का, असंही कुणी विचारेल. सहसा नाही. स्टेनलेस स्टील चिवट असतं, एकदम फुटण्याआधी ते गळतं, आणि गळती कळते. सिव्होमध्ये तेच झालं. पण बंद भट्टी निववणारी यंत्रणाच गळायला लागली तर तिला क्षुल्लक म्हणता येत नाही, मग पाणी इमारतीबाहेर गेलं नाही तरीही.

कल्पाक्कमचं सोडियम

हा विषय आपल्या घराच्या सर्वांत जवळ येतो तो तामिळनाडूत. कल्पाक्कमच्या 500 मेगावॅटच्या द्रुत प्रजनक भट्टीत (वीज देता-देता नवं इंधनही तयार करणारी ही जात) मार्च 2024 मध्ये गाभा, म्हणजे इंधन असतं तो मधला भाग, भरायला पंतप्रधानांच्या उपस्थितीत सुरुवात झाली, तेव्हा बातम्यांत आकडे खूप आले, पण शीतकावर फार कुणी बोललं नाही. तिथे शीतक पाणी नाही, वितळलेलं सोडियम आहे. गाभ्यात ते साधारण 397 अंशांना शिरतं आणि 547 अंशांना बाहेर पडतं. सोडियम 883 अंशांना उकळतं, त्यामुळे प्रचंड दाब लागत नाही. हा मोठा फायदा.

तोटा आपल्या विषयातला आहे. सोडियममधून उष्णता पाण्याच्या सुमारे शंभरपट सहज वाहते. पाण्यात भिंतीलगतचा थर जी गादी पुरवत होता, ती इथे जवळपास नाहीशी होते. पदर 100 अंश गरम असेल तर धातूलाही जवळपास तेवढाच झटका बसतो. त्यातून गाभ्यातल्या सगळ्या इंधनजुड्या सारख्या तापत नाहीत. मधल्या जास्त, कडेच्या कमी. त्यांच्या तोंडातून वर येणारे सोडियमचे झोत शेजारी-शेजारी असतात, आणि वर लटकणाऱ्या पोलादी भागांवर गरम-गार पट्टे नाचत राहतात. इंग्रजीतून आलेला त्याचा शब्दही पट्ट्यांवरूनच आहे: थर्मल स्ट्रायपिंग. फ्रान्सच्या फेनिक्स या सोडियम भट्टीत 340 अंशांच्या मोठ्या नळीला 430 अंशांची छोटी नळी मिळत होती, आणि तिथे भेग पडली. पुढे तीच भेग अनेक देशांच्या गणितांची कसोटी बनली.

कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात या पट्ट्यांवर बरंच काम झालं आहे. सोडियम अपारदर्शक आणि हवा-पाण्याशी भडकणारं, त्यामुळे काचेची नळी लावून बघण्याचा प्रश्नच नाही. पाण्याचे छोटे नमुने करायचे तर पाण्याची गादी आड येते. तिथे संगणकावरचा भार आणखी वाढतो, आणि त्याला ताडून पाहायच्या जागा आणखी कमी होतात.

एवढ्या सगळ्या गणिताचं शेवटी होतं काय? सिव्होनंतर फ्रान्समध्ये टीची आखणी बदलली, वेल्ड घासले गेले, आणि चालकांच्या नियमांत एक भर पडली. दोन पाण्यांतला फरक मोठा असताना ही यंत्रणा एकूण किती तास चालवायची याला मर्यादा आली. दीड मिनिटाच्या पाण्यासाठी कोट्यवधी घरांत आठवडाभर केलेली बेरीज नियंत्रण कक्षात पोचते ती अशी, एका रकान्यात लिहिलेले तास होऊन. काटा अजूनही शांतच दिसतो, म्हणून तास मोजतात.